वर्ग जिथे हसला

आमची ओळख कॉलेजच्या प्रिंटरनं करून दिली. त्याचे उपकार मानावेत की त्याला शिव्या द्याव्यात, हे माझं अजून ठरलेलं नाही.

कथालेखनाच्या वर्गात पहिली गोष्ट द्यायची होती. ग्रंथालयातल्या एकुलत्या एका प्रिंटरवर मी आणि आणखी कुणीतरी एकाच वेळी पानं सोडली, आणि त्यानं ती पत्ते पिसावीत तशी पिसून दिली. मी घाईघाईनं चाळू लागले, तर माझ्या नायकाला अचानक लांबसडक केस आलेले.

"ही तुझी का?" मी शेजारच्या मुलाला विचारलं.

"हो... म्हणजे, नायिका माझी."

"गाडी दिसेनाशी होईपर्यंत फाटकापाशी हात हलवत उभी आहे. हिला घरी काही कामं नाहीत?"

तो लाजला. कानाच्या पाळीपर्यंत लाल होणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्याच्या हातात गेलेली माझी पानं उलटत तो हळूच म्हणाला, "आणि तुझा हा हीरो... तीन पानं झाली, एक शब्द बोललेला नाही. दाढ दुखतेय का त्याची?"

मी हसले. तिथेच फसले.

तो सकाळी मामाच्या दुकानात पुस्तकं बांधायचा आणि दुपारी वर्गाला यायचा. बोटांना कायम डिंकाचा वास, म्हणून मी त्याचं नाव डिंक्या ठेवलं. मी जमीन मोजायचं शिकत होते, सदा हातात टेप, म्हणून त्याच्यासाठी मी मोजपट्टी झाले. वर्गातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की या दोघांचं जमणार.

आमच्या बाईंची एक पद्धत होती. ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं ती वाचायची नाही, दुसऱ्यानं वाचायची, आणि तीही उलटी करून. म्हणजे नायक जे करतो ते नायिकेनं करायचं आणि नायिका करते ते नायकानं. वर्ग जिथे हसेल तिथे पेन्सिलीनं खूण. "तिथे माणूस नाही, साचा आहे," बाई म्हणायच्या. "घरी जा आणि माणूस आणा."

डिंक्याच्या पहिल्या गोष्टीत इतक्या खुणा झाल्या की पान दिसेना. माझीही तीच गत. माझा अबोल, रुंद खांद्यांचा नायक बाई झाला आणि खिडकीशी नुसताच धुमसत बसला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "हिला कुणी चहा तरी विचारला का?" मग आम्ही दोघं जिद्दीला पेटलो. वर्ग सुटल्यावर जिन्यात बसून माणसं घडवायचो. त्याच्या नायिका भांडू लागल्या, घाम पुसू लागल्या. माझे नायक रडू लागले, भाजी करपवू लागले. खरं तर मी त्यालाच लिहीत होते. बोलका, हळवा, कुणाचं पुस्तक फाटलं तरी जीव खालीवर होणारा. पान दाखवताना त्याचं बोट माझ्या बोटावर यायचं आणि तिथेच राहायचं... आम्ही दोघंही पानाकडेच बघत असल्याचं दाखवायचो.

मग मला नोकरी लागली. लांब, डोंगरातल्या नव्या रस्त्याच्या मोजणीवर. घरी आई-बाबांना आनंद झाला. मला एकच जाणून घ्यायचं होतं, तो माझ्याबरोबर येईल का. तोंडानं विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून शेवटच्या वर्गासाठी मी तशी गोष्ट लिहिली. पुस्तकं बांधणारा एक तरुण आपलं चालतं काम सोडून तिच्या गावी जातो. शेवटी तो तिच्या मोजणीच्या यंत्राची तिपाई खांद्यावर घेतो आणि तिच्या मागून डोंगर चढू लागतो. बस, एवढंच.

बाईंनी ती नेमकी त्यालाच वाचायला दिली. पहिल्या ओळीलाच त्याला कळलं असावं. त्यानं ती नेहमीप्रमाणे उलटी वाचली. ती काम सोडते, ती त्याच्या गावी जाते, ती त्याच्या मागून चालते. कुणी हसलं नाही. एकही खूण नाही. एकानं तर जांभई दिली.

"आता लिहिली आहे तशी वाच," बाई म्हणाल्या.

त्यानं वाचली. तिपाईपाशी आला आणि सगळा वर्ग हसत सुटला. बाकं वाजली. मी इतरांकडे बघितलंच नाही, त्याच्याकडे बघत होते. त्यानं पान खाली केलं... आणि तोही हसला.

जिन्यात तो माझ्या मागोमाग आला.

"चिडलीस?"

"नाही."

"सगळे हसले म्हणून मीही... सवयीनं हसलो गं."

"तेच तर."

तो कठड्याला टेकला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे असं जिन्यात सांगायचं नव्हतं मला. पण आहे. तुझ्याशिवाय मला करमणार नाही."

किती महिने मी या वाक्याची वाट बघत होते.

"मग चल," मी म्हणाले. "तिथेही पुस्तकं फाटतात. छापखाना आहे, शाळा आहेत. मी चौकशी केली आहे."

"कामाचं नाही गं..." तो बोटावरचा वाळलेला डिंक खरवडत राहिला. "मामा म्हणेल, पोरीच्या मागे गेला. दुकानात येणारा प्रत्येकजण म्हणेल. आईला बाहेर तोंड दाखवायची चोरी होईल. तूच इथे काही बघ ना. रस्ते काय, इथेही होतातच."

"हे उलटं करून वाच."

त्यानं मनातल्या मनात वाचलं. त्याचे डोळे भरून आले. आमच्यात रडायचं काम त्याच्याकडेच होतं.

"कळतंय," तो म्हणाला. "मला सगळं कळतंय, मोजपट्टी. पण कळून जमत नाही."

त्याला कळलं नसतं तर मी भांडले असते, समजावलं असतं, आशा धरली असती. कळणाऱ्या माणसापुढे माझ्याजवळ काहीच उरलं नाही.

निघायच्या दिवशी तो सकाळीच दारात हजर. त्यानं माझी तिपाई उचलून खांद्यावर घेतली आणि भर बाजारातून माझ्या मागून चालू लागला. लोक वळून बघत होते. त्याच्या मामाच्या दुकानावरूनच रस्ता होता, मामा बाहेर येऊन उभा राहिला, तरी त्यानं तिपाई खाली ठेवली नाही. माझ्या मनात वेडी आशा उठली... गाडीपर्यंत.

गाडीपाशी त्यानं ती टपावर नीट बांधून दिली. गाठ दोनदा ओढून बघितली आणि खाली उतरला.

"पोचलीस की फोन कर."

"हो."

गाडी सुटली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. तो हात हलवत उभा होता. याला घरी काही कामं नाहीत का, असं मी मनात म्हणून बघितलं. हसू येईल असं वाटलं होतं. रस्ता वळला, तोवर त्याचा हात वरच होता.