टाकीच्या झाकणाखालची रिंग

साहेब, शिक्का तुम्हीच मारलात! डोंगरावरच्या शर्यतीत उतरणारी प्रत्येक गाडी तपासायचं काम तुमचं. भुंगीच्या दादाच्या लाल गाडीच्या कागदावर ‘सुरक्षित’ असं लिहून खाली लफ्फेदार सही तुम्हीच ठोकलीत. आता पुढचं ऐका.

त्या सुट्टीत भुंगीला घर खायला उठायचं. सारखी गुणगुणायची म्हणून ती भुंगी. पण आईबाबा परगावी नोकरीला आणि आत्या दिवसभर कामावर, मग गुणगुणणार कुणापुढे? दोन वर्षांनी दादा येणार म्हणून तिने त्याची खोली तीनदा झाडली. दादा आला, आणि शर्यतीआधीचे दोन्ही दिवस त्याचं डोकं गाडीच्या मागच्या सीटखाली! टाकीतला जुना पंप काढून तो जास्त जोराने पेट्रोल ढकलणारा नवा पंप बसवत होता.

“दादा, माझ्यासाठी काय आणलंस?”

त्याने वर न बघताच पंपाच्या खोक्यातली एक काळी रबरी रिंग फेकली. “घे, बांगडी!”

भुंगीने ती दंडात चढवली. झोपतानाही काढली नाही.

शर्यतीच्या दिवशी दादा न जेवताच निघून गेला. दुपारी भुंगीचे दोस्त चष्मा आणि लंबू आले. शेजारची चष्मा छापील दिसेल ते वाचायची. खोक्यातला माहितीचा कागदही तिने सोडला नाही.

“भुंगे, दंडात काय घातलंयस?”

“बांगडी. दादाने दिली.”

“डोंबलाची बांगडी! हे चित्र बघ. टाकीच्या झाकणाखालची रिंग आहे ही! ‘जुनी रिंग फुगलेली असते, पुन्हा वापरू नये. नवीच बसवावी.’”

“म्हणजे त्याने जुनीच बसवली?” लंबूने डोळे वटारले. “पण काल तर थेंबही गळत नव्हता!”

“काल टाकी अर्धी होती, शहाण्या! आज तो काठोकाठ भरणार!”

भुंगीने दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिचे फोन नेहमी असेच बंद व्हायचे.

“सायकली काढा!” ती ओरडली.

तिघं धापा टाकत पोचली तेव्हा लाल गाडी रांगेत उभी होती.

“पोरांनो, व्हा बाजूला!” तुम्ही खेकसलात, साहेब. “गाडी तपासलीय. शिक्का आहे.”

“भुंगे, घरी जा! आत्ता नको!” काचेआडून दादा म्हणाला.

“साहेब, तुमच्या खिशात लायटर दिसतोय,” भुंगी मोठ्याने म्हणाली. “मागच्या सीटवर बसून पेटवता?”

लोक हसले. तेवढ्यात लंबूने मागचं दार उघडून सीट उचललीसुद्धा! पेट्रोलचा भपकारा आला. झाकणाभोवती ओल चकाकत होती.

साहेब, तुम्ही दोन पावलं मागे सरलात.

“आता का हो पळता?” चष्माने विचारलं. “शिक्का आहे ना?”

“कुणी चावी फिरवू नका!” मुख्य पंच धावत आले. दादाला खाली उतरवलं, गर्दी हटवली, गाडी ढकलत बाजूला नेली. मिस्त्रीने सगळी दारं उघडून वारा खेळू दिला. वास गेल्यावर बॅटरीची वायर काढली, जादा पेट्रोल उपसलं, आत कचरा पडू नये म्हणून झाकणाभोवती पुसून घेतलं आणि हात पुढे केला. “नवी रिंग कुठंय?”

भुंगीने दंडातून ती ओढली. लवकर निघेना. निघाली तेव्हा तिथे लाल वळ उरला.

रिंग चपखल बसली. टाकी पुन्हा काठोकाठ भरली. अर्धा तास वाट पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत!

“शाब्बास! मोठ्यांची डोळेझाक तुम्ही तिघांनी निस्तरलीत,” पंच म्हणाले. “आज तुमच्यामुळे एक जीव वाचला!”

दादा भुंगीपुढे गुडघ्यांवर बसला. “भुंगे, मी...” तेवढ्यात त्याच्या गाडीचा नंबर पुकारला. “संध्याकाळी येतो हं!”

संध्याकाळी भुंगीने दोन ताटं घेतली. एक पालथं घातलं, मग पुन्हा सुलटं केलं. दंडावरचा वळ आता पुसट झाला होता. फाटक वाजलं की ती उठायची, वारा असायचा.

दादा का आला नाही, याचं उत्तर ती दादाकडूनच घेईल. तुमचं तुम्ही द्या, साहेब. सही करण्याआधी ती सीट उचलली होतीत का? हो की नाही? बोला!