लेओंतीनबाईंचं लसणाचं सूप

चेस्टनटना नीट चिरा द्या, शेगडीवर टाका आणि गप्प ऐका. मध्येच कुणाचा फोन वाजला तर मी उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही पोरं एरवी येता ऑगस्टात. तेव्हा गल्लोगल्ली फुलांच्या कुंड्या, चौकात मांडलेली टेबलं, बदकाच्या तंगड्यांचा वास, आणि दगडादगडाचे फोटो काढणारे पाहुणे. फेब्रुवारीत येऊन दाखवा म्हणावं. वरच्या आळीत पंचवीस घरं, चोवीसांना कुलूप. मालक पॅरिसला. उरलेल्या एका घरात राहायच्या लेओंतीनबाई, वय शहाऐंशी.

ही गोष्ट माझ्या दोस्ताची, आन्सेल्मची. तो खोटं बोलणार नाही. तेवढी अक्कलच नाही त्याला. बाईंना चढ-उतार झेपेना, म्हणून रोज संध्याकाळी हा खालच्या बेकरीतून पाव घेऊन वर जायचा आणि दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत टाकायचा. बाईंची मुलगी तुलूझला. तिला त्यानं शब्द दिला होता, पिशवीत कालचा पाव दिसला की लगेच कळवीन. पिशवी रिकामी म्हणजे बाई ठणठणीत.

बाई आतून रोज हाक मारायच्या, लसणाचं सूप केलंय, ये जरा. हा म्हणायचा, उद्या. खरं तर याचीही बायको जाऊन दोन वर्षं झालेली. घरी जाऊन डबा फोडायचा आणि ओट्यापाशी उभ्यानंच खायचा. पण दुसऱ्याच्या टेबलावर बसायचं म्हटलं की याच्या अंगावर काटा. असले हट्टी आपण इथले लोक.

तीन वर्षांपूर्वी, नऊ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळचे सात आणि मिट्ट काळोख. गल्लीतला दिवा वाऱ्यानं हलत होता. पिशवी नेहमीसारखी रिकामी. त्यानं पाव टाकला, वळला, तेवढ्यात आतून आवाज आला.

"आज आलास तर बरं होईल, आन्सेल्म."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. पाव पुन्हा हातात घेऊन तो आत गेला.

बाई टेबलाशी बसल्या होत्या, डोक्यावरून शाल घेऊन. दोन वाडगे, दोन्हींतून वाफ निघत होती. भरपूर लसूण, बदकाची चरबी, वरून सोडलेलं अंडं. पहिल्या चमच्याला त्याचे डोळे भरून आले, हे त्यानं मला स्वतः सांगितलंय. बाईंनी मात्र चमच्याला हात लावला नाही.

"तुम्ही खा ना."

"एकटीनं घशाखाली उतरत नाही रे... सोमवारपासून थांबलेय."

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

मग आपल्या रिवाजाप्रमाणे त्यानं तळाशी उरलेल्या सुपात टेबलावरच्या बाटलीतली लाल वाइन ओतली. बाईंनी आपला वाडगा पुढे सरकवला. नवरा गेल्यापासून कुणी ओतली नाही, म्हणाल्या. त्यानं ओतली.

"घ्या. मी आहे सोबतीला."

दोन्ही हातांनी वाडगा उचलून तो प्यायला. मान मागे टाकून. शेवटच्या थेंबापर्यंत. वाडगा खाली ठेवला...

समोरची खुर्ची रिकामी.

वाडगाही रिकामा.

हाक मारली. चुलीला हात लावला. गार. आतली राख गार. कोपऱ्यात पलंग. पलंगावर... लेओंतीनबाई. गळ्यापर्यंत रजई. तोंड भिंतीकडे.

डॉक्टर नऊला आले. म्हणाले, सोमवारी रात्रीच गेल्यात. आन्सेल्म म्हणाला, कसं शक्य आहे, मंगळवारचा पाव घेतला, बुधवारचा घेतला. डॉक्टरांनी फडताळाकडे बोट दाखवलं. दोन्ही पाव तिथे होते, अख्खे, वाळून कडक झालेले.

आन्सेल्म तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला. रोज पिशवी पाहिली होती. दार एकदाही ढकललं नव्हतं.

डॉक्टरांनी बाईंचा चेहरा इकडे वळवला, पांढऱ्या रुमालानं तोंड पुसलं. थांबले. रुमाल दिव्याखाली धरला. आन्सेल्मकडे पाहिलं.

ओठ ओले होते. रुमालावर लाल वाइन उतरली होती.