स्कार्डची मेंढरं

मेंढरं डोंगरावरून उतरायची होती त्या शनिवारी सकाळी मी मेंढवाड्याच्या फाटकांना तेल घालत होते. ल्योसडालच्या पंचायतीची मी प्रमुख. पण एवढ्याशा गावात प्रमुख म्हणजे फाटकांना तेल घालणारी, रस्त्यावरचा बर्फ काढायला ट्रॅक्टर बोलावणारी आणि कुठल्या शेताच्या मेंढरांच्या कानावर कोणती खूण ते लिहिलेलं कानखुणांचं पुस्तक सांभाळणारी बाई. बावीस वर्षं मी हेच करत आले.

त्या वर्षी गावात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा होता : पन्नास. राजधानीतून पत्र आलं होतं. एक ऑक्टोबरला ज्या गावाची वस्ती पन्नासाच्या खाली असेल ते गाव शेजारच्या शहरात विलीन होणार. मग पंचायत जाणार, मेंढवाडा जाणार, नकाशावरचं नावही जाणार. आम्ही बरोबर पन्नास होतो. त्यात सगळ्यात म्हातारा इस्लेफ, एक्क्याऐंशी वर्षांचा. त्यामुळे गावभर जो तो त्याच्या तब्येतीची चौकशी करत सुटला होता.

"इस्लेफ, एक तारखेपर्यंत मरायचं नाही हं!" माझी मैत्रीण आल्फ्दीस मटणाच्या रश्श्याच्या पातेल्यामागून ओरडली. "दोन तारखेला खुशाल मर!"

"दोन तारखेला मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"तुला दात कुठे आहेत?"

"तेच विचारायला जायचंय ना," तो म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

इतकी माणसं मी मेंढवाड्यावर कधीच पाहिली नव्हती. हा कदाचित शेवटचा मेंढवाडा, म्हणून गाव सोडून गेलेले सगळे आले होते. लोकरीचे स्वेटर, चिखलाचे बूट, हातोहात फिरणाऱ्या बाटल्या, दोन ठिकाणी दोन वेगळी गाणी. ऊन लख्ख होतं. मग खिंडीकडून तो आवाज आला. आधी नुसती गुणगुण, मग गलका, आणि बघता बघता अख्खा उतार पांढरा होऊन खाली वाहायला लागला. दरवर्षी बघते, तरी दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो. पोरं कुंपणावर चढून किंचाळत होती. मीसुद्धा किंचाळले, खोटं कशाला बोलू.

ग्रीमुर घोड्यावरून उतरला. मेंढरं हाकायला गेलेल्या माणसांचा तो म्होरक्या, आम्ही त्याला डोंगरराजा म्हणतो. तीन दिवस ओरडून त्याचा आवाज पार बसला होता.

"उना, पूर्वेच्या अंगाला माणसं पाठवलीस ते फार बरं केलंस," तो म्हणाला. "नदीला पाणी होतं. त्यांनी पलीकडून रेटा दिला नसता तर अर्धी मेंढरं वरच राहिली असती."

"कोणती माणसं?"

"करड्या घोड्यावर एक, आणि दोघं-तिघं पायी. लांबच होते. मी हात केला, त्यांनीही केला. जेवायला बोलावलं, पण आले नाहीत."

"मी कुणाला पाठवलं नव्हतं."

"मग पलीकडच्या खोऱ्यातले असतील," असं म्हणून तो रश्श्याकडे वळला. मलाही ते पटलं.

मग खरी मजा सुरू झाली : उन्हाळाभर डोंगरावर एकत्र चरलेली सगळ्यांची मेंढरं वेगळी करायची. आमचा मेंढवाडा दगडी, गोल. मधे मोठं रिंगण, आणि त्याच्या कडेने प्रत्येक शेताचा एकेक कप्पा. रिंगणात शिरायचं, शिंगं धरायची, मेंढी पायांत दाबायची, कान बघायचा आणि ओढत आपल्या कप्प्यात न्यायची. चिखल, घाम, धक्काबुक्की, शिव्या, हशा. दुपारी एकच्या सुमाराला रिंगण रिकामं व्हायला हवं होतं. झालं नाही. बावीस मेंढरं मधे उभी राहिली होती, एकमेकांना चिकटून, अगदी शांत.

"ए, ही कुणाची?" आल्फ्दीस ओरडली. "न्या की!"

कुणीच पुढे होईना. ग्रीमुरच्या कुत्र्याला त्यांच्यावर सोडलं तर ते फाटकापर्यंत गेलं आणि पोटावर बसलं.

मी आत शिरले. पहिली गोष्ट मला खटकली ती म्हणजे एकाच्याही कानात नंबराची प्लास्टिकची चकती नव्हती. चकतीशिवाय मेंढी पाळणारा माणूस आता आमच्या देशात सापडायचा नाही. पण चाकूची खूण प्रत्येकाच्या कानावर होती : उजव्या कानाचं टोक छाटलेलं, डाव्याला मागच्या बाजूने दोन खाचा. त्यांत चौदा तर याच वसंतात जन्मलेली कोकरं होती. म्हणजे कुणीतरी चार-पाच महिन्यांपूर्वी चाकू घेऊन, कोकरू मांडीवर धरून, नीट ही खूण केली होती. जखमा सुरेख भरून आल्या होत्या.

पुस्तक उघडलं. ही खूण त्यात नव्हती. गाडीतून जुनी पुस्तकं आणली. आजूबाजूला गर्दी झाली, माना माझ्या खांद्यांवरून डोकावत होत्या. तिसऱ्या पुस्तकात सापडली. मी मोठ्याने वाचलं.

"स्कार्ड. एविंदुर."

जुन्या माणसांनी इस्लेफकडे पाहिलं.

स्कार्ड हे त्याच्या बापाचं, एविंदुरचं शेत. एक्कावन्न सालच्या जानेवारीत, सकाळी दूध काढायच्या वेळेला, वरचा हिमकडा कोसळला आणि घर, गोठा, माणसं सगळं खाली गेलं. बाप, आई, आजी, दोन भाऊ आणि घरकामाची बाई. इस्लेफ तेव्हा सात वर्षांचा, शाळेसाठी दुसऱ्या शेतावर राहायला होता म्हणून वाचला. पुढे त्याने लग्न केलं नाही, शेत केलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची मेंढरं राखली.

तो हळूहळू रिंगणात आला. काठी कुंपणाला टेकवली. एका कोकराचा डावा कान त्याने बोटांत धरला, डोळे मिटले आणि खाचांवरून अंगठा फिरवला.

"तिरप्या आहेत," तो म्हणाला. "बाबा डावखुरे होते."

"इस्लेफ, कुणीतरी चेष्टा केली असेल," मी म्हणाले. आवाज मी पंचायतीचा लावला. "नियमाप्रमाणे बेवारशी मेंढरं सोमवारपर्यंत इथेच ठेवायची."

"बेवारशी?" त्याने डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना, इतका आनंद होता त्यावर. "खूण बापाकडून मुलाकडे येते. येते की नाही? मुलगा कोण आहे?"

"तूच."

"मग फाटक उघड, बाई."

आता सगळे मला विचारतात, तू का उघडलंस? कायद्याने त्याचं बरोबर होतं, हे एक. आणि दुसरं असं की मला बघायचं होतं. ती मेंढरं कुठे जातात ते बघायला मी अगदी आतुर झाले होते. मी कडी काढली.

एक काळा, उंच पायांचा मेंढा पुढे झाला. उरलेली एकामागोमाग एक त्याच्या मागे लागली. त्यांनी ना रस्ता शोधला, ना गवताला तोंड लावलं. ती सरळ स्कार्डकडे निघाली. लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी गाणं धरलं आणि दोनशे माणसांनी ते उचललं. इस्लेफ त्या रांगेमागे चालायला लागला, आणि थोडं पुढे गेल्यावर त्याने वळून टोपी हलवली.

मी गाडी काढली आणि कच्च्या वाटेने मागून निघाले. म्हातारा थकला तर बसवून परत आणावा, एवढाच हिशोब. पण तो थकला नाही. सहा किलोमीटर अंतर. ओढ्यापाशी वाट संपते, तिथे मी गाडी बंद केली. पलीकडे स्कार्ड, म्हणजे उतारावरचा एक हिरवा उंचवटा आणि चार दगड. लहानपणापासून मी तिथे ब्लूबेरी वेचायला जाते.

मेंढरं ओढा ओलांडून गेली होती. इस्लेफही पार झाला होता. वारा तिकडून माझ्याकडे वाहत होता आणि त्याला शेणीच्या धुराचा वास होता. त्या भागात चाळीस वर्षांत कुणी शेणी जाळलेली नाही.

मी पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत पाणी, हाडं गोठवणारं. तरी मी हसत होते. का, ते मला आजही सांगता येत नाही. लग्नघरी पोचल्यासारखं वाटत होतं.

उंचवट्याला दार होतं.

फळ्यांचं, बुटकं, उघडं. काळा मेंढा वाकून आत गेला. मग दुसरं, मग तिसरं. मी मोजत होते. माझी सवयच ती. बाविसावं मेंढरू आत गेलं आणि दारातून एक हात बाहेर आला. विणलेली करडी बाही, कोपरापर्यंत. डावा हात.

"उना!" इस्लेफने मला हाक मारली. "ये ना! सगळे आहेत!"

आवाज बारीक होता. चिरका, पोरासारखा.

मी आणखी एक पाऊल टाकलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो पळतोय. काठीशिवाय, चढावर, गुडघे उंच उचलत, एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पळत होता.

मी जागीच थांबले.

तो आत शिरला आणि दार लागलं. आवाज झाला नाही.

पलीकडे हिरवा उंचवटा होता आणि चार दगड. धुराचा वास गेला होता. वारा फिरला होता आणि लांबून मेंढवाड्यावरचं गाणं ऐकू येत होतं.

नऊ दिवस आम्ही शोधलं. बचावपथक आलं, कुत्री आली, वरून हेलिकॉप्टर फिरलं. उंचवट्याची माती दोन पुरुष खोल खणली. कुजलेल्या लाकडाचा एक तुकडा मिळाला, बाकी काही नाही. मी दाराचं कुणाला सांगितलं नाही. धुक्यात हरवला असेल, असं लोक म्हणाले. त्या दिवशी धुकं नव्हतं, पण मी मान डोलावली.

राहिलो आम्ही एकोणपन्नास.

"पत्र दोन तारखेला टाक," आल्फ्दीस माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. "प्रेत सापडलेलं नाही. कागदावर तो आहेच की. चार-पाच दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"आणि गाव वाचलं तर कशावर वाचलं म्हणायचं? खोट्यावर?"

"खोट्यावर वाचलेलं गावसुद्धा गावच असतं, उना." ती रडत होती. "त्यालाही हेच आवडलं असतं."

मी रात्रभर विचार करत बसले नाही. तसं केलं असतं तर टाकलंच नसतं. त्याच दुपारी, सत्तावीस सप्टेंबरला, लोकसंख्या नोंदणी कार्यालयाला पत्र लिहिलं : इस्लेफ, पंचायतीच्या घरात राहणारा, बेपत्ता, वस्ती एकोणपन्नास. खाली सही केली आणि टाकून आले. परत येताना गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसून राहिले. एवढ्या जुन्या गावाचा शेवट माझ्या सहीने झाला होता.

सहा ऑक्टोबरला उत्तर आलं. पाकीट जाड होतं. उघडायच्या आधीच मला माहीत होतं काय असेल ते, म्हणून चष्मासुद्धा शोधला नाही. मग शोधला.

एक ऑक्टोबर रोजी ल्योसडालची वस्ती : सत्तावन्न. वाढीबद्दल अभिनंदन. गाव स्वतंत्र राहील.

खाली घरवार यादी होती. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. आमचं घर. आल्फ्दीसचं. ग्रीमुरचं. शेवटच्या पानावर स्कार्ड.

एविंदुर, वय छत्तीस. त्याखाली बायको. आई. दोन मुलगे. घरकामाची बाई.

त्याखाली इस्लेफ. वय सात.

मी कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे तपासून सांगितलं, "घर बदलल्याचा अर्ज आलाय ना. पोस्टाने. हाताने लिहिलेला, अक्षर फार सुंदर आहे. काही चुकलंय का?"

"अर्ज कुणी लिहिलाय?"

"कुटुंबप्रमुखाने. आणि तुम्ही आठवी ओळ बघितली का? ती वेगळ्या अर्जाने आली, म्हणून पानाच्या मागच्या बाजूला गेलीय."

मी पान उलटलं. आठवी ओळ होती. नावाची जागा कोरी, तिथे फक्त 'मुलगी' लिहिलेलं. वय तीन आठवडे.

फोन ठेवतेय तोच परत वाजला. एब्बा होती, शहरातल्या दवाखान्याची परिचारिका. नवी आलेली, चुणचुणीत पोरगी. तिच्यामागे गाडीच्या वायपरचा आवाज येत होता.

"उना, मी तुमच्याच गावात आहे! नव्या बाळाला घरी जाऊन बघायचं असतं ना, यादीत तुमच्याकडचं एक आलंय. गावात बाळ, आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत! फक्त रस्ता ओढ्यापाशी संपतोय. पुढे कसं जायचं?"

"एब्बा, गाडीतच बस," मी म्हणाले. "ऐक माझं. खाली उतरू नकोस. गाडी वळव."

"अहो, काळजी करू नका, उथळ आहे पाणी." गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग वारा. "आणि मला घर दिसलं. दारात उभे राहून सगळे हात करतायत, किती गोड! एक छोटा मुलगा तर उड्याच मारतोय."

"एब्बा!"

"नीट ऐकू येत नाहीये, उना. बाळ फार रडतंय."

रडणं मलाही ऐकू येत होतं. आणि ते ओढ्यापलीकडून नाही, फोनच्या अगदी जवळून येत होतं.