तिसरा ठोका

या, कुसुमताई, या. विरजणच हवंय ना? देते. पण एक सांगू का, रागावू नका. यापुढे दार वाजवत जाऊ नका. खालूनच हाक मारा, "वर्षाली" म्हणून ओरडा हवं तर, सगळ्या गल्लीला कळू दे. कडी वाजली की मी पुढचा ठोका मोजायला लागते. वाटी धरा तुम्ही.

लाइट गेलेत ते येतील सातपर्यंत. भोसरीचं हे नेहमीचंच. बसा त्या दिव्याजवळ. खरं सांगायचं तर मला आत्ता एकटीला बसवत नाहीये. दोन माणसं यायची आहेत माझ्याकडे. मीच बोलावलंय. ती येईपर्यंत तुम्ही उठू नका, तुम्हाला शप्पथ आहे.

आमच्या कंपनीत काय बनतं ते तुम्हाला माहीतच आहे. चाकणला, पवनचक्कीची पाती. तुम्ही मागे विचारलं होतंत, पंख्याच्या पात्याला एवढी मोठी शेड कशाला? अहो, आपल्या गल्लीच्या या टोकाला ठेवलं तर त्या टोकाला दत्तोबाच्या किराणा दुकानात घुसेल, एवढं एक पातं. आणि आतून पोकळ. दोन अर्धी अंगं वेगवेगळी बनवतात आणि एकावर एक चिकटवतात. आत सांध्यावर गोंद ओघळून वाळतो, तो घासून काढायला माणूस आत पाठवावा लागतो. बुडाशी तोंड गोल आणि मोठं, सरळ उभं राहून आत जाता येतं. मग वाकायचं, मग रांगायचं. पुढे एक लाल पट्टी मारलेली असते. तिच्यापुढे कुणी जायचं नाही, जाताच येत नाही. शेंड्याकडे तर मांजरसुद्धा शिरणार नाही एवढं निमुळतं होतं ते.

माझं काम तोंडावर बसायचं. हसू नका, आमच्याकडे असंच म्हणतात. आत माणूस असला की तोंडावर एक माणूस बसलाच पाहिजे, आणि आतला बाहेर येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. तहान लागो, भूक लागो, साहेब बोलावो. आणि काहीही झालं तरी स्वतः आत जायचं नाही. आमचे सेफ्टीचे सोपानराव हे पहिल्या दिवशीच घोकून घेतात. ते मावळातले, बोलायला रांगडे. "एक आत पडला तर एक मरतो. त्याला काढाय दुसरा शिरला, तर दोन मरत्यात. तू दोर ओढायचा, शिट्टी वाजवायची. आत जायचं न्हाई. व्हय म्हण." मी व्हय म्हटलं होतं.

आतल्या माणसाच्या कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक माझ्याजवळच्या चरकाला. त्याच्या तोंडावर मास्क असतो, बाहेरून नळीने आत हवा फेकणारा पंखा घरघरत असतो, त्यामुळे बोलणं काही कळत नाही. म्हणून ठोके. मी बाहेरून लाकडी हातोडीने एकदा ठोकायचं. आतून दोन ठोके आले तर सगळं ठीक. तीन आले तर मला बाहेर काढा. आणि आत जाताना माणसाने स्वतःचा फोटोचा बिल्ला तोंडाशी खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्याच हाताने काढायचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे, एवढं साधं.

आता शहेबाज. तळवड्याला राहतो, बायको अलमास, एक लहान मुलगी. काडीपैलवान, पण आत घासण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आणि असा खोडकर की विचारू नका. मी ठोकलं की पहिला ठोका लगेच द्यायचा आणि दुसरा रोखून धरायचा. मी इकडे दोराला हात घालते, शिट्टी तोंडात धरते, आणि मग निवांत येणार त्याचा दुसरा. टक... आणि मग टक. बाहेर आला की मी फाडफाड बोलायचे. "मेल्या, तुझ्या त्या दुसऱ्या ठोक्यापायी एक दिवस माझा जीव जाईल." तो दात काढायचा. "ओ मॅडम, तुमचा नाही, गेला तर माझा जाईल ना!"

असं बोलू नये माणसाने. खरंच बोलू नये.

तो मे महिन्यातला रविवार होता. सोमवारी ट्रेलर लागणार होता, पातं कुठल्याशा किनाऱ्यावर जायचं होतं, आणि आत थोडं घासायचं राहिलेलं. म्हणून आम्हाला बोलावलं. शेडमध्ये तो आत, मी तोंडावर. सोपानराव आम्हाला कामाला लावून कँटीनकडे गेले होते, गेटवर वॉचमन हिंदुराव. बाकी एक मशीन चालू नाही. वर पत्रे तापून कडकड वाजत होते, आणि रेझिनचा, त्या गोंदाचा, तो गोड वास, नेलपॉलिशची बाटली सांडल्यासारखा, नाकात बसलेला.

मी ठोकलं. टक... टक. रोखून, त्याच्या सवयीने. मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. थोड्या वेळाने परत ठोकलं, तसंच. मग पुन्हा ठोकलं, तर उत्तर आलं टकटक. लगोलग, अगदी शिकवल्यासारखं.

आणि कुसुमताई, मी खूश झाले हो! म्हटलं, चला, सुधारला एकदाचा. डबा उघडून दोन घास खाल्लेसुद्धा.

पुढच्या वेळी ठोकलं, पुन्हा टकटक. या वेळी माझा दुसरा हात पात्यावर टेकलेला होता. ठोका जवळून आला तर तळहाताला कळतो, लांबून आला तर नुसती झिणझिण लागते. ही झिणझिणच होती. मी वाकून आत पाहिलं. लांब त्याच्या डोक्यावरचा दिवा दिसत होता, लाल पट्टीच्या अलीकडे. पण तो हलत नव्हता. उजेड सरळ वरच्या अंगावर पडलेला, म्हणजे माणूस उताणा पडला असेल तसा.

मी ठोकलं.

टकटक.

दिवा हलला नाही. ठोके दिव्याच्या पलीकडून आले होते. पट्टीच्या पुढून, जिथे माणूस मावतच नाही तिथून.

मी शिट्टी फुंकली, जीव खाऊन फुंकली. शेडमध्ये तिचा नुसता घुमारा उठला. आणि तो विरता विरता आतून हाक आली.

"वर्षाली..."

आवाज शहेबाजचा. पण स्वच्छ, मास्क न लावलेल्या माणसाचा. पंखा घरघरत होता तरी कानाशी बोलल्यासारखा. आणि तो मला कधीच नावाने हाक मारत नाही, बाई. मॅडम म्हणतो, ताई म्हणतो.

"वर्षाली... सगळं ठीक आहे. आत ये."

मी कडेला हात टेकून आत वाकले.

"जागा आहे... ये ना."

खोटं कशाला सांगू, माझा एक पाय आत पडला होता. तो तिथे पडलाय, त्याची पोर एवढीशी आहे, दुसरं काही सुचतच नव्हतं. सोपानरावांचं ते "व्हय म्हण" कानात नसतं तर मी गेले असते. मी पाय मागे घेतला आणि दोराच्या चरकाचं हँडल धरलं. ओढायला लागले. शहेबाजचं वजन ते काय! पण दोर असा ताणला की चरक करकरायला लागला. सरावाच्या वेळी मी धिप्पाड माणसं ओढून काढलीत, ताई, पण हे एका माणसाचं वजनच नव्हतं. दोन माणसं बांधल्यासारखी ओढत होते मी. खांदे निखळायची वेळ आली. तेवढ्यात हिंदुराव धावत आला, मागून सोपानराव आले, तिघांनी मिळून ओढला तेव्हा कुठे बाहेर आला. ओठ निळे पडलेले, डोळे अर्धवट उघडे. स्ट्रेचरवर घेताना हिंदुराव म्हणाला, "आयला, किती जड हाय ह्यो!"

हवेची नळी आतल्या जोडावरून निसटली होती, ते सोपानरावांनी नंतर शोधून काढलं. पंखा बाहेर घरघरत राहिला आणि त्या बिचाऱ्यापर्यंत हवाच जात नव्हती. तेवढं समजलं. पण मग बराच वेळ ठोके कोण देत होतं, ते त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

ॲम्ब्युलन्स गेली आणि मी तिथेच उभी राहिले. सवयीने हातोडी उचलली, एकदा ठोकलं. आतून काही नाही आलं. परत ठोकलं, काही नाही. पातं रिकामं होतं. तेव्हा मला वाटलं, सुटले. देवाला हात जोडले मी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर हा उठून बसलेला. डॉक्टर त्याच्या पाठीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने वाजवून बघत होते, बघतात ना छाती भरलीय का ते, तसं. एकदा वाजवलं आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही काही वाजवलंत का आत्ता?" मी दोन्ही हातांत नारळपाणी धरून उभी होते.

शहेबाज हसला. मी विचारलं, "भावा, आत काय झालं रे?"

"काही नाही. मी पडलो होतो. कुणीतरी म्हणालं, तू झोप, बाहेर उत्तर मी देतो."

"कोण म्हणालं?"

"सगळं ठीक आहे, वर्षाली," तो म्हणाला. लगेच, न थांबता.

हल्ली तो असाच आहे. काहीही विचारा, उत्तर तयार. थट्टा नाही, मस्करी नाही. कामावर रुजू व्हायच्या आधी एकदा कंपनीत आला. त्याचा बिल्ला खिळ्यावर तसाच होता. ज्याचा त्याने काढायचा, म्हणून कुणी हात लावला नव्हता, आणि सोपानरावांनी पातंही अडवून ठेवलेलं. तो बिल्ल्यासमोर उभा राहिला. स्वतःचा फोटो बघत राहिला. मग मला म्हणाला, "हा अजून आत आहे का?"

मला वाटलं, चला, मस्करी परत आली! मी हसलेसुद्धा. तो नाही हसला. बिल्ला तसाच ठेवून निघून गेला.

आज दुपारी अलमासचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "ताई, तुमच्या कंपनीत ते ठोके असतात, त्यात तीनचा मतलब काय?" मी म्हटलं, का गं? तर म्हणते, "ते झोपले की मी छातीवर डोकं ठेवते ना, तर आतून वाजतं. धडधड नाही, ताई, ती मला कळते. दार ठोकल्यासारखं. तीनदा. दोन लगेच होतात. मग थांबतं. मला वाटतं, संपलं... आणि मग तिसरा येतो. मला हसू यायचं बघा पहिल्यांदा. त्यांच्या जुन्या खोडीसारखं वाटलं."

माझ्या हातातून फोन पडला, कुसुमताई.

मी काढलं कुणाला? दोन महिने मी सगळ्यांना छाती फुगवून सांगतेय, मी शहेबाजला बाहेर काढलं. त्याच्या अंगात बसून बाहेर आलंय ते भलतंच. आणि तो बिचारा स्वतःच्याच छातीच्या आत पडून मला ठोके देतोय, मला बाहेर काढा म्हणून, आणि ऐकायला तोंडावर कुणी नाही. मी जागा सोडून घरी आले, जेवले, झोपले! म्हणून मीच अलमासला म्हटलं, त्याला घेऊन ये माझ्याकडे. काय करणार आहे ते मलाही माहीत नाही. चरक नाही, दोर नाही. पण आतला बाहेर येईपर्यंत उठायचं नाही, एवढं मी शिकलेय.

श्शू... जिन्यावर पावलं वाजली. ऐकलंत?

टकटक.

बघा. लगोलग. उघडू नका, थांबा. दिवा जवळ घ्या.

"वर्षाली," तोच आहे. "सगळं ठीक आहे. उघड ना..."

बोलू नका, कुसुमताई. अलमास का बोलत नाहीये? मी फळीला कान लावते. तो दाराला छाती टेकून उभा आहे, लाकडातून कळतंय मला. थांबा... त्याच्या आतून येतंय. अगदी बारीक.

एक.

दोन.

हलू नका. श्वाससुद्धा घेऊ नका. त्याचा तिसरा नेहमी उशिरा येतो.