मिश्रमुख

विश्वास मोजणारं यंत्र मानवजातीला प्रथम बाणेरच्या एका प्रयोगशाळेने दिलं. मोजला तो केसांच्या तेलावरचा.

डॉ. मृदुला साठम यांना त्यात काही वावगं वाटत नसे. प्रयोगशाळेचं भाडं तेलवालेच भरत होते. आता ‘निर्धास्त’ नावाचं हृदयाचं टॉनिक आलं होतं आणि ते विकायला नटवर्य देवेन राजाध्यक्ष होते.

“देवेनसाहेब संपले,” सहकारी डॉ. अन्वर मुजावर पडद्यावरचा आलेख बघत म्हणाले. “मेंदू विश्वास नव्याने तयार करत नाही, बाई. चेहऱ्यावरचा उचलतो आणि वस्तूवर ठेवतो. साहेबांनी बनियन विकलं, सिमेंट विकलं, पापडसुद्धा सोडले नाहीत. चेहरा रिकामा झाला.”

“मग टॉनिक कोण विकणार?”

“मिश्रमुख. मिशी देवेनसाहेबांची, आणि तिच्याआड बघणाऱ्याच्या घरचंच एखादं माणूस, ओळखू येणार नाही इतपत. कोणाला पाहून त्याची नाडी शांत होते, ते टीव्हीतला नाडीवेधक टिपतो. ज्याचं त्याचं माणूस, ज्याच्या त्याच्या पडद्यावर.”

परक्यांची लेखी संमती मिळवण्यात महिने जातात, म्हणून चाचणीला कर्मचारी नेहमीच आपापली घरं देत. मृदुलाने चिंचवडला एकट्या राहणाऱ्या आईचं, सुमतीबाईंचं, घर दिलं. नवा टीव्ही फुकट बसणार होता.

दिवाळीनंतर सुमतीबाई ओट्याशी चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी मृदुलाला बाजूला घेतलं. “रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्यात. लगेच सुरू करा, नाहीतर हृदयाला झेपणार नाही.”

“ ‘निर्धास्त’ घेते की मी,” घरी आल्यावर सुमतीबाई म्हणाल्या.

“आई, ते सरबत आहे. गोळी घे. मी सांगतेय ना.”

दारात अगरबत्त्या विकायला आलेल्या बाईकडे बघावं, तसं सुमतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. “तूपण कुठल्याशा कंपनीचीच ना गं? तो देवेन बघ, किती पोटतिडकीने सांगतो. अगदी आपलं माणूस वाटतं.”

मृदुलाने टीव्हीकडे पाहिलं. देवेन राजाध्यक्षांच्या मिशीवरचे डोळे तिचे स्वतःचे होते.

तिने मुजावरांना फोन लावला. “हे उलटं फिरवता येईल का?”

“वस्तूवरून चेहऱ्यावर? तसलं यंत्र बनवायला पैसे कोण देणार, बाई?” मुजावर म्हणाले. “तुमच्यावरचा होता नव्हता तो विश्वास त्या बाटलीवर गेलाय. आई आता बाटलीचंच ऐकणार.”

मृदुलाने त्यांचं बोलणं शब्दशः घेतलं. गोळ्या कुटल्या, नव्या बाटलीत मिसळल्या आणि झाकण घट्ट पिळलं.

सकाळी सुमतीबाईंनी बाटली उजेडात धरली आणि मोरीत ओतून दिली. “सील तुटलंय. देवेनने बजावलंय, असली घ्यायची नाही म्हणून. कोणी काय कालवलं असेल, सांगता येतं का?”

दुसरी बाटली त्यांनी स्वतः उघडली, कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

“आई, माझ्यासाठी एक गोळी घे,” मृदुला म्हणाली.

“तुला कमिशन मिळतं का गं त्याचं?” सुमतीबाईंनी मायेनेच विचारलं.

पंधरवड्याने त्या गेल्या.

‘निर्धास्त’मध्ये पाणी, साखर आणि खाण्याचा केशरी रंग होता. बाटलीवर तसं मराठीत छापलेलं होतं.