लाल दोरा पुढे, पांढरा मागे

मी सांगतोय आणि सून लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही. पंचेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली, वाचलं एकही नाही.

वाचायची ती माझी बायको. मी फर्मे शिवायचो, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, आणि ती समोरच्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायची. शेवटचं वाचलं ते स्वीडन की कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या एका फौजदाराचं. बर्फात एक बूट सापडतो, आणि बुटात पाय. आम्ही दोघं त्या फौजदाराचे होऊन गेलो.

खुणेला दोन दोरे असायचे. तिचा लाल, माझा पांढरा. मला डुलकी लागली की पांढरा तिथंच राहायचा. ती मनात वाचत पुढे जायची, तिथं लाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढऱ्यापासून मोठ्यानं. "तुमच्यामुळे मला प्रत्येक खून दोनदा बघावा लागतो," म्हणायची.

पहिला भाग संपला आणि त्याच आठवड्यात ती गेली. "दुसरा आला की सांगा हं," हे तिचं शेवटचं धड वाक्य. ते पुस्तक दोन्ही दोरे शेवटच्या पानात घालून मी पेटीत ठेवलं. कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली.

दोन वर्षांनी वाचनालयातून बांधणीला गठ्ठा आला, त्यात दुसरा भाग निघाला. मी रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "आला गं."

सून दुपारी वाचायला बसली. वीस पानं झाली, मी नवा पांढरा दोरा घातला. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं.

"बाबा, हा लाल दोरा तुम्ही ठेवलात?"

पांढरा जागेवर होता. लाल चाळीस पानं पुढे. घरात लाल रीळ नव्हतं; ती गेल्यापासून मी आणलंच नव्हतं.

"विसरला असाल," सून म्हणाली.

"असेन..."

खिडकीतून ऊन थेट खुर्चीवर पडलं होतं. मी हात टेकवला. बैठक थंडगार होती, आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. मला भीती वाटली हे खरं. पण हात काढून घ्यावासा वाटला नाही.

मग लाल रोज पुढे जाऊ लागला. पण पुस्तक काही पहिल्यासारखं नव्हतं. "बाबा, या फौजदारानं तीस पानं नुसती कॉफी प्यायली," सून म्हणाली. "खुनी कोण ते मला केव्हाच कळलंय. याला अजून नाही."

लालही रेंगाळू लागला. चाळीसचा दहावर आला, दहाचा दोनवर. रटाळ पुस्तक ती अर्ध्यात मिटायची आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. हे मिटलं, की ती कशासाठी येईल?

तेव्हा मी नको ते केलं. सुनेला विचारलं, कंटाळवाणं कुठून कुठपर्यंत आहे? तिनं पुढची पानं वरवर चाळली आणि बोट ठेवून दाखवलं. मी शिवण उसवली, मधले चार फर्मे काढले आणि उरलेलं पुस्तक शिवून टाकलं.

सून वाचता वाचता थांबली. "ही बाई कोण? आणि फौजदाराचा हात कधी मोडला?"

"पुढे कळेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी लाल दोरा पुस्तकात नव्हता. पान न् पान उलटलं. खुर्चीवर हात ठेवला, ती उन्हानं तापली होती.

उभ्या जन्मात मी तिला फसवलं नव्हतं, आणि आता हे. मी चारही फर्मे परत जागच्या जागी शिवले, पुस्तक वाचनालयात पाठवलं. आठ दिवस हातात दाभण धरवेना.

काल बांधणीचं कापड काढायला पेटी उघडली. कुलूप तसंच होतं. कापडाखाली पहिला भाग होता. शेवटच्या पानात दोरे नव्हते. लाल पहिल्या पानावर आला होता. मला हसूच फुटलं. रटाळ पुस्तक टाकून बाई पुन्हा पहिल्याकडे गेली होती.

मग दिसलं, पांढराही त्याच पानात होता. लालाला लागून, सरळ ठेवलेला. मी ठेवलेला नव्हता. पेटी मिटली, कुलूप लावलं.

आज हे सांगायला बसण्याआधी पुन्हा उघडली.

"बाबा, थांबलात का?" सून विचारतेय. "दोरे कुठे होते?"

वीस पानं पुढे. दोन्ही.

पांढरा मागे राहिलेला नाही... म्हणजे मला डुलकी लागलेली नाही. ती वाचत होती तेव्हा मी तिथं जागा होतो.