शून्य आकड्याचं कोडं

माझी सायकल सांगत होती की भराव खचतोय आणि गोटू सांगत होता की नाही. गोटू म्हणजे आमच्या तळावरचा मोजणी करणारा यंत्रमानव. त्याला खोटं बोलता येत नाही, मग चुकत कोण होतं? खरं म्हणजे मला ते शोधायचंच नव्हतं. मला घरी जायचं होतं.

माझी आई भूतंत्रज्ञ आहे (जमीन किती भार सोसेल हे ओळखणारी अभियंता). वऱ्हाडात एका नदीवर चुंबकगाडीचा (रुळाला न टेकता तरंगत धावणाऱ्या गाडीचा) पूल झाला होता. पुलाला येऊन मिळणारा मातीचा उंच भराव बसेपर्यंत थांबायचं आणि त्याच कामावर नव्या अभियंत्यांना शिकवायचं, हे आईचं काम. दुसरा उन्हाळा सरत आला तरी आम्ही पत्र्याच्या खोलीतच होतो आणि बाबा चिपळूणला. भराव खचायचा थांबला की आई सही करणार, शिकाऊंना प्रमाणपत्रं मिळणार आणि आम्ही सुटणार. गेले काही दिवस गोटूचा आकडा शून्य येत होता. सही उद्यावर आली होती. सगळे इतके दमले होते की आनंदसुद्धा बसल्या बसल्याच करत होते.

पण पूल संपून भराव लागतो तिथे माझ्या सायकलला दणका बसायचा. आधी जाणवतही नसे, आता दातावर दात आपटायचे. शेवटी मी गोटूला विचारलं, पूल खाली जात नाही, मग भरावच का जातो?

गोटूची बॅटरी जुनी, त्यामुळे तो सावकाश बोलतो. पूल पाइलांवर उभा आहे (खडकापर्यंत उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर), म्हणून तो हलत नाही, असं त्याने सांगितलं. भराव मात्र काळ्या मातीवर बसलाय आणि त्या मातीच्या कणांमध्ये पाणी आहे.

"श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधतात ना?" तो म्हणाला. "वर वजन ठेवलं की पाणी निथळतं आणि चक्का घट्ट होतो. भराव हे वजन आणि काळी माती हे दही. फक्त हिची भोकं फार बारीक, म्हणून पाणी निथळायला महिनोन् महिने लागतात. याला दृढीकरण म्हणतात (पाणी निघून माती घट्ट बसणं)."

मग तुझा आकडा शून्य कसा, असं मी विचारलं. खूणदगडापासून (ज्याच्यापासून उंची मोजतात त्या न हलणाऱ्या दगडापासून) मोजतो, एवढंच तो म्हणाला. दगड कुठे आहे हे त्याने दाखवलं. दगड भरावाच्या पायथ्याशी, कडुनिंबाखाली होता. त्याच काळ्या मातीत.

जेवताना मी बराच वेळ भात चिवडत बसले. बोलले तर चिपळूण लांब जाणार आणि नाही बोलले तर त्या दणक्यावरून भरधाव गाडी जाणार. मला रडायला येत होतं.

"आई," मी म्हटलं, "दगडसुद्धा खाली जातोय."

आईचा घास हातातच राहिला. तिने तायडेदादाला, शिकाऊंमधल्या सगळ्यात हुशार मुलाला, बोलावलं आणि दगड तिथे का गाडला ते विचारलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"मॅडम, रोज उनात पुलापावतर कोन जाईन मनून निंबाखालीच गाडला."

आई रागावली नाही. रागवायचं त्राणच नव्हतं तिच्यात. उन्हाने काळी माती आटते, निंबाची मुळं उरलंसुरलं पाणी ओढतात आणि दगड खाली जातो, हे तिने समजावलं. भरावही तेवढाच खाली गेला की फरक शून्य. एकाच लिफ्टमधून खाली जाणाऱ्या दोघांना एकमेकांकडे बघून काहीच हलल्यासारखं वाटत नाही, तसं.

"मोजायचं ते जे हलत नाही त्याच्यापासून," आई म्हणाली. "आपण दमलो म्हणून जमीन थांबत नाही."

सकाळी गोटूने पुलाच्या खांबावर नवी खूण केली. रोज उन्हातून तिथवर चालत जायचं तायडेदादाने आपणहून अंगावर घेतलं. काही दिवसांनी आकडा कळला. भराव अजून खचतच होता. सही लांबली.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. निघताय ना, असं त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मातीतलं पाणी अजून निथळतंय. तोवर गाडी सोडली तर माणसं मरतील. म्हणून आम्ही थांबलोय."

बाबा म्हणाले, "बरं, मग मीच येतो. मलाही दाखव ती माती."

मी फोन आईकडे दिला. ती नुसती "या" म्हणाली.